सुरतेचा रोहतांग

सुरतेत बर्फ पडतो तो फक्त गोळेवाल्याच्या रंध्याखाली. तापीकाठचं हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम तेरा मीटर उंच. जानेवारीत पारा पंधरावर आला की इथे कपाटातल्या कानटोप्या बाहेर निघतात. चौदावर आला की वर्तमानपत्रांत थंडीच्या आधी 'कातिल' हे विशेषण लागतं, आणि तेरावर आलाच तर सकाळी बागेत फिरायला आलेले लोक एकमेकांकडे एव्हरेस्टवरून उतरलेल्यांच्या नजरेने बघतात. तरीही मनाली आणि सोनमर्गप्रमाणे या शहरालाही दर हिवाळ्यात एक वादळ झोडपतं. त्यापायी उंचावरचे रस्ते बंद होतात, बॅरिकेड लागतात, पोलिसांचे हुकूम निघतात, आणि बॅरिकेडच्या अलीकडे उभे राहून नागरिक सांगतात की आम्हाला पलीकडे जाणं अत्यंत गरजेचं आहे. फरक एवढाच की मनालीत वादळाची तारीख कोणालाच ठाऊक नसते. सुरतेत ती कॅलेंडरवर छापलेली असते : १४ जानेवारी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला संक्रांत म्हणजे तिळगूळ, सुगडं, हळदीकुंकू आणि गोड बोलण्याचा वार्षिक करार. सुरतेत हीच संक्रांत उत्तरायण होते आणि त्या दिवशी कोणी कोणाशी गोड बोलत नाही. उजाडायच्या आत शेजारच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, स्पीकर चढतो. पाठोपाठ पहिला पतंग चढतो, आणि चहा व्हायच्या आत कोणीतरी कोणाचा तरी कापून 'काइपो छे!' अशी आरोळी ठोकतो. अख्खं कुटुंब गच्चीवर बिऱ्हाड करतं. आजी उन्हात खुर्ची टाकते, काकू उंधियूचं पातेलं वर आणते, पोरं बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळतात. वर्षभर बँकेत खालमानेने बसणारे काका फिरकी धरलेल्या काकूंवर 'ढील दे, ढील!' असे खेकसतात, आणि वर्षभर काकांवर खेकसणाऱ्या काकू त्या दिवशी ते ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत. उरलेला दोरा आणि उरलेली वैरं त्या दिवशी संपवायची.

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत आम्ही मराठी मंडळी भरपूर आहोत, बहुतेक खानदेशातली. आम्ही दोन्ही धर्म पाळतो. सकाळी शेजाऱ्याला तिळगूळ देऊन 'गोड बोला' म्हणतो आणि अर्ध्या तासात त्याचाच पतंग कापतो.

आता या सगळ्यात घाटरस्ता कुठून आला? तर सुरतेला निसर्गाने डोंगर दिले नाहीत म्हणून महापालिकेने ते बांधून घेतले. १८७७ साली तापीवर होप पूल झाला तेव्हा गावाला एका पुलाचं कौतुक होतं. आज नदीवरचे, खाड्यांवरचे, रेल्वेवरचे आणि नुसतेच रस्त्यांवरचे मिळून शंभराहून जास्त पूल आहेत आणि शहर स्वतःला 'ब्रिज सिटी' म्हणवून घेतं. सहारा दरवाजापाशी तर पुलावर पूल आहे. चुकीच्या फाट्याला लागलेला माणूस तिथून उतरतो तेव्हा त्याला आपण कोणत्या तालुक्यात आहोत ते विचारावं लागतं. पत्ता सांगायचा तर 'ब्रिज उतरून डावीकडे' किंवा 'ब्रिजच्या खाली' एवढंच पुरतं. कोणता ब्रिज, हे विचारणारा माणूस बाहेरगावचा.

या पुलांचा सुरती जीवनातला उपयोग दुहेरी. एक, खालचा सिग्नल टाळता येतो. दोन, अख्ख्या गावात दुचाकीला वेग म्हणून जो काही घेता येतो तो पुलावरच. खाली गाय, रिक्षा, लॉरीवाला, मेट्रोचं खोदकाम आणि साडीच्या गठ्ठ्यांनी लादलेला टेम्पो. वर मोकळा रस्ता, नदीवरचा वारा, आणि आपण कोणीतरी आहोत अशी भावना. नेमकी हीच भावना उत्तरायणाच्या दिवशी माणसाच्या मुळावर येते.

वादळाची घडण समजून घ्यायला हवी. एक पतंग कापला गेला की त्याच्यामागे कधी पन्नास, कधी दोनशे मीटर दोरा सुटतो. पतंग डुलत डुलत कुठेतरी पडतो, दोरा वाटेत अडकतो. गल्लीत तो झाडांवर, तारांवर, छपरांवर अडकून राहतो. पुलावर मात्र झाड नाही, छप्पर नाही. पुलाची उंची आसपासच्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याएवढी, दोन्ही कडांना दिव्यांचे खांब. दोरा एका खांबाला लटकतो, दुसऱ्या टोकाला कोणीतरी खेचत असतो, आणि रस्त्यावर आडवी रेघ ताणली जाते. चारचाकीला पुढे काच असते. चालणारा हाताने बाजूला करतो. दुचाकीवाला एकटाच असा, जो गळा पुढे करून येतो. चाळीसच्या वेगाने स्कूटर सेकंदाला अकरा मीटर जाते. आडवा दोरा दिसला तर तीन मीटरवरून दिसणार, तोही त्यावर ऊन चमकलं तर. म्हणजे ब्रेक दाबायला हाताशी पाव सेकंद. तेवढ्यात सुरती माणसाचं 'अरे' म्हणून होतं, 'बाप रे' राहून जातं.

इथे विनोद क्षणभर बाजूला ठेवतो. दर वर्षी या दिवसांत गुजरातच्या वर्तमानपत्रांत गळा चिरल्याच्या बातम्या असतात आणि त्यांत लहान मुलंही असतात, कारण आपल्याकडे स्कूटरवर पुढे उभं राहण्याची जागा लहान मुलाची. १०८ ची रुग्णवाहिका सेवा या दोन दिवसांसाठी वेगळी तयारी करते. पक्ष्यांसाठी सरकार २०१७ पासून १० ते २० जानेवारी 'करुणा अभियान' चालवतं, आणि पहाटे व संध्याकाळी पक्षी उडतात तेव्हा पतंग उडवू नका अशी विनंती होते. विनंती सगळे वाचतात. ती वाचायला गच्चीवर वेळ बरा मिळतो.

दोऱ्याचीही एक हकिकत आहे. डबगरवाडात जाऊन आपल्यासमोर मांजा रंगवून घेणं हा जुन्या सुरतेचा संस्कार. गुलाबी हातांचे कारागीर, खांबांमधून फिरणारं सूत, काचेची पूड घातलेली लुगदी, आणि 'पाच हजार वार' असं मोजून फिरकीवर चढवलेला माल. हा सुती मांजाही गळ्याला सोडत नाही, पण फार ताणला तर निदान तुटतो. मग आला नायलॉनचा दोरा, ज्याला सगळे 'चायनीज' म्हणतात. तो सहसा तुटत नाही, पावसात कुजत नाही, आणि पतंग उडवणाऱ्याला कर्तृत्व नसताना यश देतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली. तेव्हापासून हा दोरा कोणीच विकत नाही आणि कोणीच विकत घेत नाही. तो फक्त दर वर्षी खांबांवर सापडतो.

तर वादळ असं येतं. त्याचा हवामान अंदाजही निघतो. १३ तारखेच्या गुजराती वर्तमानपत्रात वाऱ्याची दिशा आणि वेग ठळक बातमी असते. एरवी हवामान खात्याने चक्रीवादळाचा इशारा दिला तरी पान उलटणारा माणूस 'पवन सारो रहेशे', म्हणजे वारा चांगला राहील, ही ओळ दोनदा वाचतो. जगात इतरत्र लोक वादळ येऊ नये म्हणून प्रार्थना करतात. आमच्याकडे वारा पडला तर घरात सुतक.

आणि मग पोलिस आयुक्तांचा जाहीरनामा निघतो : उत्तरायणाला उड्डाणपुलांवर दुचाकीस्वारांना बंदी. गाडीला तारेची संरक्षक कमान, म्हणजे 'सेफ्टी गार्ड', लावलेली असेल त्यांना सूट. पुलाच्या तोंडाशी बॅरिकेड, त्यापाशी एक हवालदार आणि टीआरबीचा, म्हणजे ट्रॅफिक ब्रिगेडचा, एक पोरसवदा जवान. मनालीजवळची रोहतांग खिंड बंद करायला आधी तेरा हजार फूट चढावं लागतं. आमचा घाट दोन बॅरिकेड आणि एका शिट्टीवर बंद होतो.

मनुष्यस्वभावाचा अभ्यास करायचा असेल त्याने विद्यापीठात जाऊ नये. १४ जानेवारीला दुपारी कोणत्याही उड्डाणपुलाच्या तोंडाशी तासभर उभं राहावं.

पहिला येतो तो 'अहींज'वाला. 'साहेब, अहींज जवुं छे.' इथेच जायचंय. इथेच म्हणजे पूल उतरून पुढे सात किलोमीटर. दुसरा येतो तो करुण रसाचा. त्याच्या हँडलला दोन पिशव्या लटकत असतात आणि त्याचं म्हणणं एकच, की उंधियू गार होतंय, जलेबी नरम पडतेय, आणि घरी वीस माणसं गच्चीवर ताटं मांडून बसली आहेत. सुरती हवालदाराचं मन या पुराव्याने खरोखर हलतं. तो नियम मोडू देत नाही, पण खालचा लवकरचा रस्ता मनापासून सांगतो. तिसरा फोनवाला. तो काही बोलतच नाही. कोणाला तरी फोन लावतो आणि हवालदाराच्या कानाला चिकटवतो : 'ले, वात कर.' हवालदार फोनवर आदराने तीनदा 'जी' म्हणतो, फोन परत देतो आणि बॅरिकेड होतं तिथेच राहतं.

चौथा वकिली बुद्धीचा. तो स्कूटर बंद करून खाली उतरतो आणि ढकलत पुलावर चढू लागतो. 'बंदी चालवायला आहे, मी तर पायी चाललोय.' अर्ध्या चढावर त्याला सुटलेलं पोट आणि गाडीचं वजन यांचं गणित कळतं आणि तो उतारावरून खाली येतो, तेही बसून. पाचवा वाद घालत नाही. तो हसतो, मान डोलावतो, गाडी वळवतो, आणि पलीकडच्या टोकाला जाऊन उतरण्याच्या बाजूने उलटा वर चढतो. याला आडवा दोरा लागला नाही तर समोरून येणारी गाडी लागेल. पण त्याच्या मनात एकच समाधान असतं, की आपण फसलो नाही. सहावा तत्त्वज्ञ : 'गेल्या वर्षी गेलो होतो, काही झालं नाही.' हा माणूस मला मंगळावर भेटला तरी आश्चर्य वाटणार नाही. जिथे जिथे बॅरिकेड असेल तिथे तिथे तो आधीच उभा असतो.

त्या दिवशी चारचाकीवाल्याचा थाट बघून घ्यावा. एरवी पुलावर सगळ्या बाजूंनी स्कूटरी त्याला घासून जातात. आज अख्खा पूल त्याचा. तो काच खाली करून, मुद्दाम सावकाश, खाली अडलेल्या दुचाक्यांकडे बघत जातो. सोसायटीत ज्याची गाडी वर्षभर धूळ खात असते त्याला त्या दिवशी अचानक नातेवाईक फुटतात.

एका उत्तरायणाला साक्रीहून आमचे मामा आले होते. मामांनी उभी हयात ट्रक चालवला. धुळे–सुरत रस्त्यावरचा कोंडाईबारीचा घाट ते दहिवेलकडून विसरवाडीकडे रात्री, पावसात, धुक्यात, मागे वीस टन कांदा घेऊन उतरलेले. त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून मी निघालो, तर पुलाच्या तोंडाशी अडवलं.

'काय झालं?' मामा.

'पूल बंद आहे, मामा.'

'खचला का?'

'नाही.'

'पूर?'

'पतंग.'

मामांनी वर पाहिलं. आकाशात पतंगांची दाटी होती. त्यांनी पुलाकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की भाचा कुठल्या गावी येऊन राहिलाय असं त्यांना वाटत असावं. 'कोंडाईबारीत दरड आली तरी एक बाजू चालू ठेवतात भो,' ते म्हणाले, 'आणि इथं कागदासाठी रस्ता बंद?' मी त्यांना दोऱ्याचं सांगितलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुलाच्या खांबांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, 'दिसत तर नाही.' मग स्वतःच थोडा विचार करून म्हणाले, 'दिसत नाही म्हणजे वाईट. दरड दिसते.' ट्रकचालकाला एवढं पुरतं. आम्ही खालून गेलो आणि मामा वाटेत प्रत्येक दुचाकीवाल्याला हात करून हळू जायला सांगत होते.

मामा बोलले ते हिमालयातही खरं आहे. सुरतेच्या माणसाला खरा बर्फ बघायचा तर मनालीला जावं लागतं आणि तो जातोच. डिसेंबरात सोलंगच्या रांगेत 'जीजे-०५'च्या पाट्या शोधाव्या लागत नाहीत. तिथले रस्ते सांभाळणारी सीमा सडक संघटना १९६० साली स्थापन झाली. रोहतांग दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमाराला बंद व्हायचा तो उन्हाळ्यात उघडायचा आणि पलीकडचं लाहौल तेवढे महिने जगापासून तुटायचं. ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि पर्यटकांचा समज झाला की हिवाळाच रद्द झाला. पण बोगद्याला छप्पर असतं, बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान एकदा हजारभर गाड्या बर्फात अडकल्या, आणि त्याच आठवड्यात पुन्हा सोलंगपाशी पाच हजारांच्या आसपास पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढलं. म्हणून बर्फ पडला की तिथला हवालदार फक्त फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या पुढे सोडतो. काश्मीर-लडाखच्या मधला झोजिला २०२३ मध्ये ६८ दिवसांनी उघडला, २०२५ मध्ये ३२ दिवसांनी. हे आकडे विक्रम म्हणून सांगितले जातात. आमचा पूल अठ्ठेचाळीस तास बंद राहिला तर तो अन्याय म्हणून सांगितला जातो.

मनालीच्या बॅरिकेडपाशीही सुरती माणूस 'साहेब, अहींज' म्हणतोच. भाषा हिंदी होते, वाक्य तेच. पण तिथे हवालदाराच्या बाजूने साक्ष द्यायला प्रत्यक्ष बर्फ उभा असतो. गाडी दहा मीटर पुढे घेतली की चाक जागच्या जागी फिरतं, स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी दुसरीकडे जाते, आणि सगळा युक्तिवाद तिथे संपतो. बर्फाचा हा मोठा गुण आहे. तो पांढरा असतो, ढीगभर असतो, आणि पहिल्या दहा मीटरमध्ये शिकवतो. पहाडी चालक भुसभुशीत बर्फाला फारसे घाबरतही नाहीत. ते घाबरतात दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या पातळ, पारदर्शक थराला. तो डांबरावर असूनही नुसतं ओलं डांबर दिसतो. आमचा मांजा त्याच जातीचा. म्हणून आमच्या हवालदाराचं काम मनालीच्या हवालदारापेक्षा अवघड आहे. त्याला लोकांना अशा गोष्टीसाठी अडवावं लागतं जी कोणालाच दिसत नाही, आणि ज्या कोणाला दिसली तो सांगायला परत आलेला नसतो.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात इंटरस्टेट ८० हा महामार्ग हिमवादळात बंद करतात तेव्हा रस्त्यावर सरळ लोखंडी फाटकं आडवी टाकतात. तिथेही लोक फोनमधल्या नकाशावर आडवाट शोधून शेतरस्त्यांनी जायला बघतात आणि तिथे रुततात. हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. म्हणजे उलट्या बाजूने पुलावर चढणारा आपला पाचवा गृहस्थ तिथेही स्थायिक आहे.

इथवर साम्य झालं. पण एका बाबतीत सुरतेची बरोबरी जगातला कोणताही घाट करू शकत नाही. रोहतांगवर बर्फ पडतो तो ढगातून. ढग बर्फ टाकून झाल्यावर हेल्मेट घालून स्कूटरवर बसत नाही. आमच्याकडे वादळ आणि त्या वादळात अडकलेला प्रवासी ही एकच व्यक्ती असते. सकाळी सात ते बारा ती गच्चीवर उभी राहून दोनशे मीटर दोरा शहरावर सोडते, आणि सव्वाबाराला तीच व्यक्ती उंधियू आणायला निघते व पुलाच्या तोंडाशी हवालदाराला विचारते, 'आम्ही काय गुन्हा केलाय?' हवालदार हे दरवर्षी ऐकतो. त्याच्या घरीही गच्ची आहे, गच्चीवर त्याचा मुलगा आहे, आणि मुलाच्या हातात फिरकी आहे. त्यामुळे तो उत्तर देत नाही, शिट्टी वाजवतो.

साधनांच्या बाबतीत मात्र सुरती माणूस कुठल्याही गिर्यारोहकाला हार जाणार नाही. मनालीत टायरच्या साखळ्या भाड्याने मिळतात. इथे डिसेंबर संपत आला की चौकाचौकात दुचाकीला लावायच्या उलट्या यू आकाराच्या सळ्या विकायला येतात. हँडलला दोन्ही बाजूंना बसवली की डोक्यावर तारेची कमान. दोरा आला तर कमानीला अडकेल, गळ्याला नाही. कल्पना साधी आणि उत्तम. पोलिस आणि स्वयंसेवी मंडळी ती फुकट वाटतात तेव्हा रांग लागते, पण विकत घ्यायची म्हटलं की तीच माणसं 'दोन दिवसांसाठी कशाला' म्हणतात. काहींनी ती इतकी खाली बसवलेली असते की ती नेमकी बेंबीचं रक्षण करते. गळ्याला मफलर किंवा जाड पट्टा हवा, तोही घट्ट. फॅशनला खांद्यावर टाकलेला मफलर दोरा अडवत नाही, फोटोत तेवढा दिसतो. हेल्मेटची काच खाली असावी. गेल्या दोन-तीन वर्षांत सुरतेने लाल दिव्याला थांबणं आणि डोक्यावर हेल्मेट ठेवणं या दोन अशक्य गोष्टी करून दाखवल्या आहेत, तेव्हा काच खाली घेणंही जमेल. या बाबतीत सगळ्यांत पुढे सुरतेच्या मुली. उन्हासाठी डोळे सोडून अख्खा चेहरा आणि मान ओढणीत गुंडाळून स्कूटी चालवण्याची त्यांची बारमाही पद्धत आहे. हिमवादळाला त्या मे महिन्यातही तयार असतात.

बाकी नियम मामांना सांगितले असते तर त्यांनी घाटाचेच म्हणून ओळखले असते. वेग कमी ठेवा. मूल पुढे उभं करू नका, मागे बसवा. समोरच्याने अचानक मान वाकवली तर त्याला वेडा समजू नका, तुम्हीही वेग उतरवा. दोरा दिसला तर वळसा घालून पळू नका. बाजूला थांबा, गुंडाळा, कचऱ्यात टाका. आणि जिथे जायचंय ते खालूनही येतं. खालचा रस्ता सिग्नलमुळे दहा मिनिटं जास्त घेतो. उत्तरायणाच्या दिवशी रस्ते इतके ओस असतात की तेवढीही घेत नाही. पण हे कोणी करून बघत नाही, कारण पूल बंद असला की पुलानेच जायची तहान लागते.

१६ तारखेला बॅरिकेड निघतात. त्या दिवशी सुरत सुटकेचा निःश्वास टाकते, कमान काढून माळ्यावर टाकते आणि मफलर धुवायला देते. तिकडे खांबांवर, तारांवर, झाडांवर दोरे तसेच असतात. सुती दोरे पावसाळ्यात कुजतात, नायलॉनचे पुढच्या संक्रांतीच्या स्वागताला हजर राहतात. मधल्या काळात वाऱ्याने एखादा सुटतो आणि पुलावर उतरतो. झोजिला उघडला की आधी रस्ता साफ करतात, मग गाड्या सोडतात. आम्ही आधी गाड्या सोडतो, मग रस्त्याने स्वतःला साफ करून घ्यावं अशी अपेक्षा ठेवतो.

म्हणून पोलिस आयुक्तांना माझी एक नम्र सूचना आहे. बॅरिकेड राहू द्या, पण शेजारी एक टेबल मांडा आणि ज्याला पुलावरून जायचंच आहे त्याच्याकडून अर्ज भरून घ्या. नाव, गाडीचा नंबर, जाण्याचं कारण, आणि खाली दोनच प्रश्न. पहिला : आज आपण किती पतंग कापले? दुसरा : त्यांचे दोरे कुठे पडले? पहिला रकाना सुरती माणूस छाती फुगवून भरेल आणि वाढवूनच भरेल. सहा कापले असतील तर सव्वीस लिहील, शेजारी उभ्या असलेल्याने अठ्ठावीस लिहिले तर खोडून तीस करेल. दुसऱ्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबेल. तो सवयीने मान वर करेल, तिथे त्याला पूल दिसेल, आणि तो अर्ज घडी घालून खिशात ठेवत म्हणेल, 'चालो, नीचेथी ज जईए.' मग पोलिसांना त्या दिवशी एकच काम उरेल, उंधियूची रांग सांभाळण्याचं. त्या रांगेत मात्र 'अहींज'वाला कोणाचंही ऐकणार नाही.